खासगी म्हणजे नेमकं कोण?



माझा एक पुतण्या आहे. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करून द्यायचं, असं जॉबवर्कचं काम. सात माणसं कामाला. दिवाळीत तो घरी आला, फराळ झाला, चहा झाला आणि मग त्यानं खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलंत. मला एवढं सांगा. चीनमध्ये एकूण गुंतवणुकीतला खासगी वाटा निम्माच आहे म्हणतात. आपल्याकडं तोच वाटा चारातले तीन भाग. म्हणजे खासगीच्या बाबतीत आपण पुढं. मग कारखाने त्यांच्याकडं आणि आम्ही ऑर्डरची वाट बघत बसलेलो, असं का? आणि दुसरं, मी आता व्हीएमसी घ्यावं, का थांबावं?"

व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या हुकुमानं चालणारं, उभ्या स्पिंडलचं मशिनिंगचं यंत्र. नवं घ्यायचं तर तीस लाखांच्या पुढं जातं. सात माणसांच्या वर्कशॉपला ही रक्कम लहान नव्हे. त्यासाठी राहतं घर बँकेकडं तारण ठेवावं लागणार होतं.

पहिल्या प्रश्नावर मी तासभर बोलू शकलो असतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र अडखळलो. त्याला कारण आहे. २००८ सालच्या सुरुवातीला हाच प्रश्न त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मला विचारला होता. तेव्हा देशातली कंपन्यांची गुंतवणूक चढतच होती. मी मोठ्या उत्साहानं दादाला आलेख काढून दाखवला आणि म्हटलं, "सगळा देश यंत्रं घेतोय, तू कशाला मागं राहतोस?" दादानं कर्ज काढून दोन सीएनसी लेथ बसवले. ते सुरू होतात न होतात तोच अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि वर्ष संपता संपता इथल्या ऑर्डरी थांबल्या. त्यातला एक लेथ दीड वर्ष ताडपत्रीखाली होता. हप्ते भागवायला वहिनींचे दागिने गेले. दादा मला त्यावरून कधी एक शब्द बोलला नाही. पण तेव्हापासून गुंतवणुकीचा आकडा समोर आला की तो कुणाचा, कशाचा आणि कशावर मोजलेला, हे विचारल्याशिवाय मी पुढं जात नाही. आज तुमच्यासमोर हेच तीन प्रश्न मांडायचे आहेत.

आधी 'कशाचा' ते पाहू. आपण रोजच्या बोलण्यात शेअर घेतले, मुदत ठेव केली, सोनं घेतलं, प्लॉट घेतला, या सगळ्याला गुंतवणूक म्हणतो. अर्थशास्त्रात स्थिर गुंतवणूक म्हणजे उत्पादनासाठी वर्षानुवर्षं उपयोगी पडणारी वस्तू नव्यानं उभी राहणं. कारखान्याची शेड, यंत्र, ट्रक, विहीर, राहतं घर, धरण, इतकंच काय संगणकाचं सॉफ्टवेअरसुद्धा. शेअर एकाकडून दुसऱ्याकडं गेला तर देशात नवं काहीच उभं राहत नाही. जमिनीचंही तसंच. मी माझा प्लॉट तुम्हाला विकला, तर माझ्या खिशात पैसे आले आणि तुमच्या नावावर सातबारा झाला. देशाची जमीन होती तेवढीच राहिली. जुन्या यंत्राचा व्यवहारही असाच, एकाची वजाबाकी आणि दुसऱ्याची बेरीज. म्हणून राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात जमिनीची किंमत आणि जुन्या यंत्राची खरेदी या मोजणीत येत नाहीत. या मोजणीला 'स्थिर भांडवल निर्मिती' म्हणतात.

चीनचा जो आकडा दर महिन्याला जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येतो, तो मात्र हा नव्हे. तिथला सांख्यिकी विभाग 'स्थिर मत्तेतील गुंतवणूक' नावाचा वेगळा आकडा देतो. त्यात जमिनीसाठी मोजलेले पैसे येतात, जुन्या इमारती आणि जुनी यंत्रंही येतात. उलट, २०११ सालापासून पन्नास लाख युआनपेक्षा लहान प्रकल्प त्यात धरले जात नाहीत आणि शेतकरी कुटुंबांनी स्वतः केलेली गुंतवणूकही महिन्याच्या आकड्यात नसते. नावं सारखी वाटतात, पण दोन्ही मापं वेगळी आहेत. किती वेगळी? २०१६ साली चीनमधली ही स्थिर मत्तेतील गुंतवणूक सुमारे ६० लाख कोटी युआन होती आणि देशाचं एकूण उत्पन्न होतं सुमारे ७४ लाख कोटी युआन. भागाकार केला तर ऐंशी टक्के येतात. शंभरातले ऐंशी रुपये विटा आणि यंत्रांत घातले, तर लोकांनी खाल्लं काय? राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातली त्याच वर्षाची स्थिर भांडवल निर्मिती चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांच्या दरम्यान होती. जगाच्या मानानं तीही फार मोठी, पण ऐंशी नव्हे.

याहून गमतीची गोष्ट पुढं आहे. २०१८ साली शेतकरी कुटुंबं सोडून ही गुंतवणूक ६३.५६ लाख कोटी युआन असल्याचं जाहीर झालं. २०१९चा आकडा आला ५५.१५ लाख कोटी. शाळकरी पोरगंही सांगेल की यात घट झाली. पण त्याच पत्रकात वाढ दिली होती ५.४ टक्के! याचा उलगडा असा की देशव्यापी आर्थिक गणना आणि तपासणी यांतून आधीच्या वर्षाचा आकडा फुगलेला आढळला. तो खाली आणला आणि त्या सुधारलेल्या आकड्यावर वाढ काढली. एखाद्या साखर कारखान्यानं गेल्या वर्षीचा उतारा मागाहून कमी दाखवावा आणि यंदा वाढ झाली म्हणावं, तसं. लबाडी म्हणून मी हे सांगत नाही. जुनी चूक दुरुस्त करणं चांगलंच. पण दोन वर्षांचे छापील आकडे शेजारी ठेवून कुणी निष्कर्ष काढला, तर तो तोंडघशी पडेल.

आपणही यातून सुटलेलो नाही. २०१५ सालच्या जानेवारीत आपण राष्ट्रीय उत्पन्नाचं आधारवर्ष २०११-१२ केलं, तेव्हा कंपन्या मोजण्याची पद्धत बदलली. २००७-०८ साली कंपन्यांची गुंतवणूक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के झाली होती, हे वाक्य आजही व्याख्यानांतून ऐकू येतं. ते खरं आहे, पण जुन्या मालिकेतलं आहे आणि त्यात कच्च्यापक्क्या मालाचा साठाही आहे. नव्या मालिकेतल्या कुठल्याही वर्षाशेजारी ते थेट ठेवता येत नाही.

आता दुसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, 'कुणाचा'. खासगी म्हणजे नेमकं कोण?

आपल्या हिशेबात तीन घरं आहेत. पहिलं सार्वजनिक क्षेत्र, म्हणजे केंद्र, राज्यं, नगरपालिका आणि सरकारी कंपन्या. दुसरं खासगी कंपन्या. तिसऱ्याचं नाव 'घरगुती क्षेत्र'. उरलेली दोन्ही मिळून खासगी. २०११-१२ सालचं चित्र पाहा. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३४ टक्के इतकी स्थिर भांडवल निर्मिती झाली. त्यातले सरकारी ७, कंपन्यांचे ११ आणि घरगुती क्षेत्राचे जवळजवळ १६. म्हणजे चारातले तीन भाग खासगी हे माझ्या पुतण्याच्या कात्रणातलं वाक्य बरोबर होतं. पण त्या खासगीतला मोठा भाग टाटा, बिर्ला, अंबानींचा नव्हता. तो तुमचा आणि माझा होता. सांगलीत कुणी दोन खोल्या वाढवल्या, नगरच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर घेतला, ठाण्यात एखाद्या जोडप्यानं नवा फ्लॅट घेतला, हे सगळं त्या सोळा टक्क्यांत.

माझ्या पुतण्याला मी म्हटलं, "तूही कंपन्यांत नाहीस, घरगुतीत आहेस." तो हसायला लागला. म्हणाला, "काका, तीन फेजचं कनेक्शन आहे, जीएसटी भरतोय, आणि मी घरगुती?" पण नियम तसाच आहे. त्याची कंपनी नाही, त्याच्या एकट्याच्या नावावरचा धंदा आहे आणि माणसं सात. उद्या त्यानं प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, तर वर्कशॉपमधला एकही बोल्ट न हलता त्याची पुढची खरेदी घरगुती रकान्यातून कंपन्यांच्या रकान्यात जाईल.

चीनमध्येही तीन घरं आहेत, पण भिंती वेगळ्या ठिकाणी. एक सरकारी मालकीच्या किंवा सरकारचा ताबा असलेल्या कंपन्यांचं. दुसरं परदेशी तसंच हाँगकाँग, मकाव आणि तैवान इथल्या भांडवलावर चालणाऱ्या उद्योगांचं. तिसऱ्याला ते 'मिनजिएन' म्हणतात. अर्थ साधारण 'लोकांमधलं'. यात देशी खासगी कंपन्या येतात, एकट्यादुकट्याचे धंदे येतात आणि गावांच्या सामूहिक मालकीचे उद्योगही येतात. कात्रणातला 'निम्मा वाटा' तो या मिनजिएनचा.

एक उदाहरण घ्या. तैवानची फॉक्सकॉन कंपनी मोबाइल जोडते. तिचा प्रचंड कारखाना चीनमध्ये चंगचौ शहरात आहे आणि एक आपल्याकडं चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला. मालक एक, माल एक. पण श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातली नवी यंत्रं आपल्या हिशेबात खासगी आहेत आणि चंगचौमधली यंत्रं चीनच्या मिनजिएनमध्ये नाहीत, कारण ती तैवानी. तेव्हा 'त्यांचा पन्नास टक्के आणि आपला पंच्याहत्तर टक्के' या तुलनेत दोन वेगळ्या जातीची फळं एकाच तागडीत टाकली आहेत.

या भिंती अशा का उभ्या राहिल्या, त्याला इतिहास आहे. चीनमध्ये १९७८ नंतर सुधारणा सुरू झाल्या, तेव्हा माणसाला स्वतःचा किरकोळ धंदा करायची परवानगी मिळाली. अशा धंद्याला नाव होतं 'गथीहू', म्हणजे एकेकटं कुटुंब. आपल्या 'घरगुती क्षेत्रा'चं हे चुलत भावंडच. पण त्याला मर्यादा होती. दोन मदतनीस आणि पाच शिकाऊ, मिळून सात. आठवा माणूस ठेवला की तुम्ही शोषण करणारे भांडवलदार ठरणार, असा तिथल्या सैद्धांतिकांचा वाद. आन्ह्वेइ प्रांतातल्या वूहू शहरात न्येन क्वांगच्यू नावाचा एक जवळजवळ निरक्षर माणूस भाजलेल्या कलिंगडाच्या बिया विकत असे. त्याच्या मालाचं नावच 'मूर्खाच्या बिया'. धंदा इतका वाढला की कामगार शंभरावर गेले. याचं करायचं काय, हा प्रश्न थेट तंग श्याओफिंगपर्यंत पोचला. १९८४ साली तंग यांनी सांगितलं की त्याला थोडे दिवस चालू द्या, त्यानं समाजवादाला काय धोका होणार? १९९२च्या सुरुवातीला दक्षिणेच्या दौऱ्यात त्यांनी पुन्हा त्याच बियावाल्याचा दाखला दिला. त्याला हात लावला असता तर धोरण बदललं अशी लोकांची समजूत झाली असती, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याआधी १९८८ साली खासगी अर्थव्यवस्थेचा उल्लेख घटनेत आला होता. म्हणजे चीनमधला आजचा खासगी उद्योग सात माणसांच्या कुंपणातून बाहेर आला आहे.

आपल्याकडं कुंपण वेगळं होतं. १९९१ सालापर्यंत मोठा कारखाना काढायचा तर परवाना लागे, वाढवायचा तरी लागे. लहानांसाठी आठशेहून अधिक वस्तू राखीव होत्या. त्यातल्या शेवटच्या वीस वस्तूंचं आरक्षण एप्रिल २०१५मध्ये उठलं. हेतू चांगला होता, पण लहान असण्यातच सवलत असेल तर मोठं कोण होणार? चीनमध्ये वाढायला भीती होती, ती उठल्यावर लोक झपाट्यानं वाढले. आपल्याकडं लहान राहण्याची सवय लागली. आपल्या आकडेवारीतलं घरगुती क्षेत्र एवढं मोठं दिसतं, त्यात घरबांधणीचा भाग आहेच. पण या सवयीचाही वाटा आहे, असं माझं मत आहे.

तिसरा प्रश्न, 'कशावर मोजलेला'. टक्केवारी ऐकताना आपण भाजक विसरतो. आपली स्थिर भांडवल निर्मिती अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आसपास राहिली, चीनची चाळीसच्या आसपास. ऐकायला फरक दहा टक्क्यांचा. पण २०२४ साली चीनचं उत्पन्न आपल्या जवळजवळ पाचपट होतं. तेव्हा प्रत्यक्ष उभी राहणारी शेड आणि यंत्रं पैशात मोजली, तर ती आपल्या सहापटीच्या घरात जातात. लोकसंख्या मात्र जवळजवळ सारखी. माझ्या पुतण्याच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. निम्मा वाटा असला तरी तो कितीतरी मोठ्या भाकरीतला निम्मा आहे.

आता हे तीन प्रश्न विचारून झाल्यावर गेल्या पंधरा वर्षांत काय दिसतं, ते पाहू.

चीनमध्ये २०१२ साली मिनजिएन गुंतवणूक वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या आसपास वाढत होती. २०१५ साली एकूण गुंतवणुकीत तिचा वाटा ६४ टक्क्यांवर गेला. आणि पुढच्याच वर्षी, २०१६ साली, ती जेमतेम ३.२ टक्के वाढली. त्या वर्षी सरकारी कंपन्यांची गुंतवणूक मात्र १८ टक्क्यांहून जास्त वाढली. म्हणजे खासगीनं हात आखडता घेतला आणि सरकारनं सैल सोडला. पोलाद, कोळसा यांत क्षमता मागणीपेक्षा कितीतरी जास्त झाली होती. कुणी नवी भट्टी कशाला लावेल? त्यानंतर ऑगस्ट २०२०मध्ये बिल्डरांच्या कर्जावर कडक बंधनं आली. नोव्हेंबर २०२०मध्ये अँट या कंपनीची शेअरविक्री ऐन वेळी थांबवली गेली. जुलै २०२१मध्ये खासगी शिकवण्यांच्या नफ्यावर चालणाऱ्या धंद्यावर जवळजवळ बंदीच आली. एव्हरग्रांड या प्रचंड बांधकाम कंपनीनं २०२१ साली हप्ते चुकवले आणि जानेवारी २०२४मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयानं तिचं दिवाळं जाहीर करून ती गुंडाळण्याचा आदेश दिला. २०२४ साली मिनजिएन गुंतवणूक ०.१ टक्का घटली आणि वाटा उरला पन्नास टक्के.

पण थांबा, इथंही आतला भाग बघायला हवा. २०२४ सालीच बांधकाम क्षेत्र वगळून पाहिलं तर मिनजिएन गुंतवणूक सहा टक्के वाढलेली होती. कारखान्यांतली एकूण गुंतवणूक ९.२ टक्के वाढली. घट होती ती बांधकाम क्षेत्रात. तिथं १०.६ टक्के घसरण झाली. म्हणजे 'चीनमधला खासगी उद्योजक थांबला' हे वाक्य बिल्डरबद्दल खरं, मोटारी आणि बॅटऱ्या बनवणाऱ्याबद्दल नाही. मे २०२५पासून चीननं खासगी अर्थव्यवस्थेच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदा लागू केला. बियावाल्याच्या गोष्टीनंतर चाळीस वर्षांनी सरकारला पुन्हा तेच सांगावं लागलं की घाबरू नका, धोरण बदललेलं नाही.

आपली गोष्ट दुसऱ्या वाटेनं गेली. २००३ ते २००८ या काळात आपल्या कंपन्यांनी वीज, पोलाद, रस्ते यांत मोठमोठे प्रकल्प काढले, बहुतेक बँकांच्या कर्जावर. मग जमीन अडली, कोळसा अडला. फेब्रुवारी २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले, सप्टेंबर २०१४मध्ये कोळसा खाणींची २१४ वाटपं. न्यायाच्या दृष्टीनं ते योग्यच असेल, पण त्या खाणींवर विसंबून उभारलेली वीज केंद्रं अडकली. कंपन्या कर्जात आणि बँका थकबाकीत. मार्च २०१८मध्ये बँकांच्या दर शंभर रुपये कर्जातले अकराहून अधिक रुपये थकीत होते. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला, सप्टेंबर २०१९मध्ये कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२वर आणि नव्या कारखान्यांसाठी १५वर आणला गेला. मार्च २०२५पर्यंत थकबाकी २.३ टक्क्यांवर उतरली. बँका सुधारल्या, कंपन्यांचे ताळेबंद सुधारले. तरी कंपन्यांची गुंतवणूक अपेक्षेइतकी उसळली नाही. केंद्र सरकारचा भांडवली खर्च मात्र २०१९-२०मध्ये सुमारे ३.४ लाख कोटी रुपये होता, तो २०२३-२४मध्ये साडेनऊ लाख कोटींच्या घरात गेला. इथंही सरकारच पुढं झालं.

का? अनेक कारणं सांगितली जातात. मला सगळ्यांत पटणारं कारण साधं आहे. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांची पाहणी करते. त्यात बसवलेल्या क्षमतेपैकी साधारण पाऊण भागच वापरात असल्याचं अलीकडच्या वर्षांत दिसत आलं आहे. चार यंत्रांतलं एक रिकामं असेल, तर मालक पाचवं कशाला घेईल? कर कमी केला म्हणून तो यंत्र घेत नाही. व्याज कमी झालं म्हणूनही नाही. त्या यंत्रावर उद्या काम येणार असा भरवसा वाटला, तरच घेतो.

म्हणून दोन देशांची तुलना करून मी एवढंच म्हणेन. चीनमध्ये खासगी माणूस बिचकला तो आधी क्षमता जास्त झाली म्हणून आणि मग नियम रातोरात बदलतात हे पाहिलं म्हणून. आपल्याकडं तो बिचकला तो आधी कर्जानं पोळला म्हणून आणि मग मागणीची खात्री वाटेना म्हणून. कारणं निराळी, पण प्रश्न उद्याच्या भरवशाचा. तो भरवसा कुठल्याच सरकारला टक्केवारीच्या तक्त्यातून देता येत नाही. कोर्टात वर्षानुवर्षं न रखडणारा निकाल, वेळेवर मिळणारं बिल, मध्येच न बदलणारा नियम आणि माल घेणाऱ्या सामान्य माणसाच्या हातात चार पैसे, यांतून तो हळूहळू तयार होतो. लहान उद्योगाच्या बाबतीत तर वेळेवर मिळणारं बिल हेच निम्मं भांडवल.

आता घरातल्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. या वेळी मी आलेख काढला नाही. पुतण्याला म्हटलं, तुझी वही आण. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सकाळपासून बसलो. गेल्या चोवीस महिन्यांत किती तास यंत्रं चालली, किती काम वेळ नाही म्हणून परत पाठवलं, कुणाचं बिल किती दिवसांनी आलं, हे सगळं एका कागदावर मांडलं. परत पाठवलेलं काम दिसत होतं, पण नव्या यंत्राचा हप्ता भागेल एवढं नव्हतं. त्यातून तीन मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकाचं बिल चार-चार महिने रखडत होतं. दुपारी दादा येऊन शेजारी बसला. आता त्याचं वय पंचाहत्तरच्या पुढं आहे. बराच वेळ ऐकून म्हणाला, "घर तारण ठेवू नको. बाकी तुला पटेल ते कर."

पुण्यातल्या एका वर्कशॉपचा मालक निवृत्त होत होता. त्याचं आठ वर्षं वापरलेलं व्हीएमसी पुतण्यानं घेतलं, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत आणि घर तारण न ठेवता. आता ते दोन पाळ्यांत चालतं आणि वर्कशॉपमध्ये आठवा माणूस आला आहे. गंमत अशी, की आपल्या राष्ट्रीय हिशेबात हे यंत्र नवी गुंतवणूक म्हणून धरलं जाणार नाही, कारण ते जुनं. चीनच्या पद्धतीत जुनं यंत्र चालतं, पण पन्नास लाख युआनच्या मर्यादेपुढं ते फारच लहान. म्हणजे दोन्हींपैकी कुठल्याच देशाच्या तक्त्यात ते दिसलं नसतं. शिरोलीत मात्र ते दिसतं. गेल्या महिन्यात मी जाऊन पाहून आलो.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)